प्रशिक्षक कोण असावा, हे मुलींना कधी विचारणार?

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. इंदापूरची बैठक आटपून आम्ही तिघीजणी बारामतीच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर चार-पाच पुरुषमंडळी पेपर पुढ्यात घेऊन वाद घालत होती. भारताच्या महिला हॉकी संघाचे मुख्य प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांनी नुकताच राजीनामा दिला होता. आता नवा प्रशिक्षक कोण, यावर चर्चा रंगली होती. एकाचं म्हणणं, परदेशीच आणावा, त्यांचा अभ्यास असतो. दुसऱ्याचं, आपलाच असावा, पोरींची भाषा त्याला कळते. तिसरा म्हणाला, "कुणीही आणा, पण कडक आणा. पोरींना धाक लागतो." आमच्यातल्या एकीनं न राहवून विचारलं, "आणि बाई का नको?" सगळे एकदम गप्प. मग पहिला हसून म्हणाला, "ताई, बाई आणून बघितली ना! ऑलिंपिक हुकलं."

तेवढ्यात आमची गाडी लागली आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथं देते. कारण हे वाक्य त्या एका माणसाचं नाही. सरपंचपदी पहिल्यांदा बाई बसली तेव्हाही आपण ते ऐकलं होतं.

आपल्या भागात हॉकीचं काय, असंही काहीजणींना वाटेल. त्यांनी नीरा नदी ओलांडून फलटण तालुक्यात जावं. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या शेतकरी भागातल्या मुली २०२२ च्या ज्युनियर विश्वचषकात भारताकडून खेळल्या. वैष्णवी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकणाऱ्या संघात होती. म्हणजे हा प्रश्न दिल्लीचा नाही. आपल्याच शिवारातल्या मुलींच्या मैदानावर कुणाचा शब्द चालणार, याचा आहे.

बाईचा हिशेब वेगळा

ती 'आणून बघितलेली' बाई म्हणजे नेदरलँड्सच्या यानेक शॉपमन. स्वतः २००८ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या संघातल्या खेळाडू. भारतीय महिला हॉकी संघाच्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ मिळालं, १६ वर्षांनी मिळालेलं या स्पर्धेतलं पदक. त्याच वर्षी नेशन्स कप जिंकला. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणि रांचीत आशियाई चॅम्पियन्स करंडक. मग जानेवारी २०२४ मध्ये रांचीतच ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. उपांत्य सामना जर्मनीविरुद्ध शूटआऊटमध्ये गेला, तिसऱ्या जागेचा सामना जपानविरुद्ध एका गोलनं गेला. पॅरिस हुकलं. हे दुःख खरंच आहे. पण अडीच वर्षांची कमाई दोन सामन्यांत पुसली गेली आणि पाटीवर एकच ओळ उरली: बाई आणून बघितली.

आता पुरुषांचा हिशेब मांडू. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिक खेळलेला भारताचा पुरुष संघ २००८ मध्ये बीजिंगला पोचलाच नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो शेवटचा, बारावा आला. २०१६ मध्ये रिओत महिला संघही बारावा आला. तिन्ही वेळा प्रशिक्षक पुरुष होते. तेव्हा कुणी म्हणालं का, की पुरुषांना प्रशिक्षक करून बघितलं, आता पुरे? शॉपमन यांच्या जागी आलेल्या हरेंद्र सिंग यांनी २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकून दिला, हे मान्य. पण २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये संघ तळाला गेला आणि लीगमधून खाली घसरला. त्याचा दोष पुरुष जातीला कुणी दिला नाही आणि देऊही नये. पुरुष हरला की तो एकटा हरतो. बाई हरली की जगातल्या सगळ्या बायका हरतात.

बाई जिंकवू शकत नाही, हेही खोटं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या महिलांना सुवर्ण मिळालं, तेव्हा प्रशिक्षक ॲलिसन अ‍ॅनन होत्या. त्याच बाईंनी पुढे चीनच्या संघाला पॅरिसमध्ये रौप्यपदकापर्यंत नेलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग रांचीतच झाली, ती जिंकणाऱ्या ओडिशा वॉरियर्सच्या प्रशिक्षक यानेक शॉपमनच होत्या. हे स्टँडवरच्या पेपरात आलंच असेल. पण चर्चेत आलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राजीनामा देण्याआधी शॉपमन जाहीरपणे बोलल्या होत्या. या देशात बाईला काम करणं फार कठीण जातं, पुरुष प्रशिक्षकाला जो मान मिळतो तो मला मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हॉकी इंडियानं ते नाकारलं. लोक मात्र म्हणाले, हरली म्हणून रडते. नोकरीत, पंचायतीत, घरात ज्या बाईनं 'मला डावलतात' असं म्हटलं आहे, तिला हे वाक्य पाठ असेल.

मुलींचा संघ म्हणजे प्रतीक्षालय?

महिला संघाची किंमत काय, हे २०१७-१८ मध्ये उघड दिसलं. सप्टेंबर २०१७ मध्ये महिला संघाचे प्रशिक्षक शोर्ड मरीन यांना उचलून पुरुष संघाकडे नेलं आणि महिला संघ हरेंद्र सिंग यांच्याकडे दिला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष संघ पदकाविना परतला. लगेच मे महिन्यात दोघांची अदलाबदल झाली. महिला संघही त्या स्पर्धेत चौथाच आला होता, पण हलवाहलव झाली ती पुरुष संघाच्या गरजेनं. भाडेकरूंनी खोल्या बदलाव्यात तसा हा प्रकार. पुढे मरीन यांच्याच हाताखाली मुली टोकियोत चौथ्या आल्या, तेव्हा सगळा देश टाळ्या वाजवत होता. जानेवारी २०२६ मध्ये ही जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडेच आली. माणूस गुणी आहे, वाद त्यांच्याशी नाही. वाद त्या पद्धतीशी आहे, जिच्यात मुलींच्या मताला जागा नाही.

क्रिकेटचं बघा. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये आपल्या पुण्यात झाली. संघटनेकडे पैसा नव्हता. पुढे सुधा शाह, अंजू जैन, पूर्णिमा राव अशा माजी खेळाडूंनी भारतीय संघ घडवला. बारामतीचे शरद पवार बीसीसीआयचे अध्यक्ष असताना, २००६ मध्ये, महिला क्रिकेट बीसीसीआयमध्ये आलं आणि ते चांगलंच झालं. २०१५ मध्ये खेळाडूंना वार्षिक करार मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना, पूर्णिमा राव यांना दूर केलं गेलं. तिथपासून २०२५ पर्यंत मुख्य प्रशिक्षकपदी एकही बाई नेमली गेली नाही. फुकटचं, कष्टाचं काम होतं तोवर बायका चालल्या. पैसा आणि प्रकाश आला तसे पुरुष आले. शेतात, दूध संस्थेत आपण हेच बघत आलो आहोत.

कुणी म्हणेल, अमोल मुझुमदार यांच्या हाताखाली २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत मुलींनी विश्वचषक जिंकलाच ना? जिंकला, आणि आम्हीही नाचलो. पुरुष प्रशिक्षक नको, असं आमचं म्हणणं नाही. बाई आहे म्हणून ती न्यायीच असेल, असा भाबडा समजही नाही. प्रश्न एवढाच, की दार एकाच बाजूनं का उघडतं?

'कडक' म्हणजे काय?

आता त्या धाकाबद्दल. संघात कोण, बाहेर कोण, घरी कधी जायचं, काय खायचं, दुखतंय हे खरं मानायचं की नाही, हे सगळं प्रशिक्षक ठरवतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं आयुष्य एका माणसाच्या मुठीत असतं. २०१० मध्ये महिला हॉकी संघाच्या तेव्हाच्या मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध एका खेळाडूनं लैंगिक छळाची तक्रार केली. त्यांनी आरोप नाकारले, पण पद सोडावं लागलं. २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक यांच्यासारख्या कुस्तीगीर जंतरमंतरच्या रस्त्यावर बसल्या, तेव्हा कुठे देशाला कळलं की अनेक क्रीडा संघटनांत तक्रार निवारण समितीचा पत्ताच नाही. पदकविजेत्या मुलींना रस्त्यावर यावं लागतं, तर तालुक्याच्या संघातली मुलगी कुणाकडे जाणार?

ती कुणाकडेच जात नाही, ती खेळ सोडते. बारामती-इंदापूरच्या गावांमध्ये आम्ही हेच ऐकतो. सातवी-आठवीपर्यंत मुलगी कबड्डी, खो-खो, हॉकी खेळते. मग जिल्ह्याच्या स्पर्धेला मुक्कामी जायचं येतं. बरोबर फक्त सर. पाळी आली तर कुणाला सांगायचं? वडील म्हणतात, नको. शाळा म्हणते, पालक मागासलेले. दोघंही मोकळे, मुलगी घरी. सोबत एक प्रशिक्षित बाई असती तर यातल्या कितीतरी मुली मैदानावर राहिल्या असत्या. आणि खेळून झालेल्या मुलीला प्रशिक्षक होण्याची वाटच नसेल, तर उद्या राष्ट्रीय संघासाठी 'लायक बाई मिळत नाही' हे रडगाणं चालूच राहणार.

खेळाची सत्ता आपल्याला दूरची नाही. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५ राज्याचे क्रीडामंत्री होते. पवारांचं वर आलंच. इतकं जवळ असून आपण मागायला गेलो नाही, ही चूक आपलीही आहे. म्हणून, मैत्रिणींनो, मागण्या स्पष्ट ठेवू:

१. मुक्कामी जाणाऱ्या मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर एक प्रशिक्षित, मानधन घेणारी बाई असलीच पाहिजे.

२. प्रशिक्षक निवडणाऱ्या समितीत माजी महिला खेळाडू असाव्यात आणि सध्याच्या खेळाडूंचं मत गुप्तपणे घ्यावं.

३. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हीसुद्धा कामाची जागा मानली आहे. तिथे समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर फलकावर लावावेत. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, हेही तिथेच लिहावं.

४. खेळ थांबलेल्या मुलींना प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मिळावी. लग्न झालेल्या, मूल असलेल्या मुलींनाही.

पुढच्या अंकापर्यंत एक काम करू. प्रत्येक गटानं आपल्या गावच्या शाळेत जाऊन दोन आकडे लिहून आणायचे: मुलींचे संघ किती आणि त्यांना शिकवणाऱ्या बायका किती. दोन्ही तालुक्यांचे आकडे एकत्र करून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांसमोर ठेवू. आणि स्टँडवर ती चर्चा पुन्हा कानावर आली, तर गाडी सुटली तरी चालेल, पण उत्तर देऊनच उठायचं.