शोधयंत्राला चवदार तळे कोण सांगणार?

२००४ साली सुरंगा चंद्रतिलके यांनी ब्लिंक्स ही व्हिडिओ शोधून देणारी कंपनी काढली. व्हिडिओत बोललेले शब्द यंत्राने ओळखायचे, त्यावरून शोध घ्यायचा, ही तिची करामत. २००७ ला ती लंडनच्या शेअर बाजारात उतरली, पुढे जाहिरातींच्या धंद्यात शिरली आणि २०१७ ला ‘रिदमवन’ झाली. शोध मागे पडला, जाहिरातदार पुढे आला.

कापड्यातल्या पोरांना हे कशाला सांगतोय? २० मार्चला महाडला आपण तासन्‌तास शूटिंग करतो आणि नुसतं ‘जय भीम’ नाव देऊन अपलोड करतो. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींचंही तेच. मग त्या सापडणार कशा? गाव, तारीख, सांगणाऱ्याचं नाव (त्याला विचारून!) मराठीत लिहा. कंपनी उद्या धंदा बदलेल. मूळ फाइल विहारातल्या हार्डडिस्कवर ठेवा.