कुऱ्हाड भंगारात घालण्यापूर्वी

रब्बीची रास घरात आली की गावोगाव भंगारवाल्याचा टेम्पो फिरू लागतो. माळवदावर, गोठ्याच्या कोपऱ्यात, कणगीमागे पडलेले लोखंड बाहेर निघते. वखराची झिजलेली पास, मोडक्या तिफणीचे फण, नेढ्यात दांड्याचा तुकडा अडकलेली कुऱ्हाड, गंजलेली कुदळ, सगळे एकाच काट्यावर चढते आणि किलोच्या भावाने जाते. मग मृग तोंडावर आला की तोच शेतकरी आठवडी बाजारात नवी कुऱ्हाड घेतो. बऱ्याचदा ती हलक्या लोखंडाची निघते आणि बाभळीच्या गाठीवर पहिल्याच हंगामात तिची धार मुडपते. पोलाद विकून पत्रा घेण्याचा हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांत तो दरसाल चालतो, म्हणून त्यावर लिहिणे भाग आहे.

आता जुने चांगले अवजार ओळखायचे कसे? पूर्वीचा लोहार कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे ठेवी आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी घालून भट्टीत दोन्ही एकजीव करी. मऊ अंग घाव सोसते, पोलाद धार धरते. अशी कुऱ्हाड वाळूच्या दगडावर ओली घासली तर धारेजवळ दोन रंगांची सीमा दिसते. दुसरी खूण कानशीची. अंगावर कानस चावते, पाणी दिलेल्या धारेवर ती घसरते. तिसरी खूण ठिणगीची. साणेवर क्षणभर टेकवल्यास मऊ लोखंडाच्या ठिणग्या सरळ लांब जातात, पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. ट्रकच्या पाट्यापासून घडवलेले विळे-कुऱ्हाडी अंगभर पोलादाच्या असतात, त्याही ठेवण्याजोग्या. कारखान्याचा माल असेल तर गंज पुसून शिक्का पाहावा. टाटा अॅग्रिकोचा छाप असलेली कुदळ-फावडी जुन्या घरांतून अजून सापडतात.

लोखंडाची ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. शेजारच्या विदर्भात नायकुंड येथे लोखंड गाळण्याची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी उत्खननात मिळाली. महुरझरीच्या शिळावर्तुळांत दांडा घट्ट बसावा म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्या मारलेल्या कुऱ्हाडी निघाल्या. पूर्वी आपल्यासारख्याच निजामी राज्यात असलेल्या कोनासमुद्रम गावी मुशीत पोलाद तयार होई आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. म्हणून विहीर खोदताना किंवा पांढरीत नांगर घालताना वेगळ्या घडणीची कुऱ्हाड निघाली तर ती घासू नये, भंगारातही देऊ नये. गंजाचा थर खरवडला की वस्तूची ओळखच जाते. जमिनीत दडलेली १० रुपयांवर किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८चा दफिन्याचा कायदा सांगतो. गावकामगारांनी ही गोष्ट ग्रामसभेत एकदा सांगून ठेवावी.

घरच्या अवजाराचे मात्र तसे नाही, ते कामाला लागलेच पाहिजे. पहिली गोष्ट, अडकलेला दांडा काढायला कुऱ्हाड चुलीत टाकू नका. ही खोड गावोगाव आहे. दांडा जळतो खरा, पण धारेचे पाणीही उतरते. दांडा नेढ्यालगत करवतीने कापावा, गिरमिटाने भोके पाडावीत आणि उरलेला तुकडा ठोकून काढावा. मग गंज. चिंचेच्या पाण्यात किंवा आंबट ताकात अवजार रात्रभर बुडवावे, सकाळी विटेच्या भुकटीने आणि नारळाच्या शेंडीने घासावे, धुण्याच्या सोड्याने धुवून उन्हात कोरडे करावे आणि लगेच तेलाचा हात फिरवावा. त्यानंतर नेढे नीट पाहावे. नेढ्याला तडा असेल किंवा टांगून ठोकल्यावर खणखणीत न वाजता बद्द आवाज आला तर त्याला जीव लावू नये. ते खरेच भंगार, खुशाल विकावे.

धार लावायला कानस आणि ओला दगड बरा. विजेच्या ग्राइंडरवर घाई केली की धारेवर निळसर झाक येते. तेवढ्या भागाचे पाणी गेले असे समजावे. ते परत द्यायचे तर लोहाराची भट्टीच गाठावी लागते. कुऱ्हाडीची धार विळ्यासारखी पातळ करू नये, तिला थोडे पोट असू द्यावे. दांड्याला धावडा, तिवस किंवा बाभूळ घ्यावी. लाकूड सावलीत वाळलेले असावे आणि त्याचे रेषे दांड्याच्या लांबीने जावेत. ओला दांडा वाळून आकसतो. सैल दांडा हौदात बुडवण्याची युक्ती दिवसभर चालते, वाळल्यावर तो आणखी सैल होतो. कुऱ्हाडीचे पाते हातातून सुटले तर ते कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. वाळल्या लाकडाची पाचर मारावी आणि जवसाचे तेल मुरवावे. त्या तेलाच्या चिंध्या मात्र ढीग करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेटतात.

एवढे सगळे घरी होते, पण पास पाजवणे, पोलाद घालणे, पाणी देणे ही कामे लोहाराचीच. आणि आज खरी अडचण तिथेच आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’त सुतार-लोहार बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत आहेत. खळ्यावरचे बलुते बंद झाले, आउते कमी होऊन ट्रॅक्टर आले, तणनाशक आले आणि लोहाराचा भाता थंडावला. कित्येक गावांत आता रस्त्याकडेला पाल ठोकणाऱ्या घिसाडी कुटुंबाची वाट पाहावी लागते. त्यांच्या बायका घण मारतात तेव्हा आपले विळे घडतात. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करताना आपल्याला काही वाटत नाही.

आपण म्हणाल, ट्रॅक्टरच्या जमान्यात हे कशाला? पण सोयाबीनमधली खुरपणी, वसमतकडच्या हळदीचा पाला कापणे, कुपाटीची बाभूळ तोडणे ही कामे अजून हातानेच होतात आणि बहुतेक बायाच करतात. बोथट खुरपे ज्या मनगटाला लागते त्या मनगटाला विचारा. मजुरी देणारा शेतकरी बोथट अवजार देऊन आपलाच दिवस वाया घालवतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत लोहार व सुतार आहेत. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत १ लाख व २ लाख रुपये कर्ज अशी तरतूद त्यात केली. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे ठेवली. म्हणजे गावचा लोहार यादीत येतो की नाही, हे बरेचसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या हाती. पालावरच्या घिसाड्याकडे कागद नसतात म्हणून त्याला परत पाठवणे सोपे, पण ते कागद मिळवून देणे हे पंचायतीचेच काम आहे.

तेव्हा अक्षय तृतीया ते मृग या दिवसांत प्रत्येक ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवावा. चावडीसमोर लोहाराला किंवा घिसाड्याला सावली, पाणी आणि कोळसा द्यावा, दर आधी जाहीर करावेत आणि गावची अवजारे एकदाच पाजवून घ्यावीत. शेतकरी बांधवांनीही भंगाराच्या काट्यावर लोखंड चढवण्यापूर्वी त्यावर एकदा कानस फिरवून पाहावी. कानस घसरली तर अवजार परत घरात न्यावे.