अर्धे आयुष्य कोणी ठरवावे?

‘मी बिफोर यू’ हा इंग्रजी चित्रपट २०१६ साली निघाला, तो जोजो मॉयेस यांच्या २०१२ च्या कादंबरीवरून. आजही आपल्या घरांतील मुली तो डोळे पुसत पुसत पाहतात. त्यातील नायक-नायिका शेवटच्या सुटीसाठी मॉरिशसला येतात. पडद्यावर दिसणारा किनारा मात्र आपला नव्हे. ते चित्रीकरण झाले स्पेनच्या मायोर्का बेटावर. पण नाव आपले घेतले आहे. आणि त्याच ‘मॉरिशस’च्या समुद्रकाठी, रात्रीच्या वेळी, नायक आपल्या प्रेयसीला सांगतो की माझा बेत बदललेला नाही, मी स्वित्झर्लंडला जाऊन मरण पत्करणार. तेव्हा या चित्रपटाविषयी चार शब्द बोलण्याचा आपणा बेटवासीयांनाही थोडा हक्क आहे.

कथा थोडक्यात अशी. विल हा लंडनमधील धनिक तरुण मोटारसायकलची धडक बसून मानेखाली लुळा झालेला. लुइझा ही गरीब घरची मुलगी, चहाच्या दुकानातील नोकरी गेली म्हणून सहा महिन्यांसाठी त्याची देखभाल करावयास येते. त्याने जीवन संपविण्यापूर्वी आईबापांना तेवढीच मुदत दिलेली आहे, हे तिला मागाहून कळते. ती त्याला हसविते, फिरविते, त्याच्यावर प्रेम करते. तोही करतो. तरी तो जातोच. तिच्यासाठी पैसा ठेवतो, आणि माझ्यासाठी अर्धे आयुष्य जगू नकोस, पुरते जग, असा निरोप ठेवतो.

चित्रपट गोड आहे, कलावंत गुणी आहेत, हे मान्य. माझा आक्षेप निराळा आहे. विलपाशी काय नाही? वाड्यासारखे घर आहे, स्वतंत्र खोल्या आहेत, विमानाने परदेशी जाण्याइतका पैसा आहे, आईबाप आहेत आणि जीव लावणारी मुलगी आहे. एवढे असूनही हे जगणे जगण्यासारखे नाही असे चित्रपट सांगतो. मग वाक्वातील वा काझकावेलमधील ज्या मुलाच्या घरी दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि उचलावयास एकटी आई आहे, त्याने यातून काय समजावे? लंडनमधील पहिल्या खेळाच्या वेळी अपंग माणसे चाकाच्या खुर्च्यांवरून येऊन निषेध करीत होती, ती याच प्रश्नासाठी. चित्रपटाच्या जाहिरातीत ‘धीटपणे जगा’ असे म्हटले होते. हा उपदेश चालत्या-फिरत्या लुइझाला आहे. विलच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी. विलला उचलणे, धुणे-पुसणे, औषधपाणी हे सारे नेथन नावाचा पुरुष परिचारक करतो. लुइझाकडे बोलणे, फिरविणे आणि प्रेम. म्हणजे कष्ट एकाकडे, माया दुसरीकडे. आपल्या घरांत अशी वाटणी नसते. जिला आपण ‘गार्द-मलाद’ म्हणतो, ती बाई परवडली तर दिवसभर असते. रात्रीचे कूस बदलणे आई, बहीण किंवा सुनेच्याच वाट्याला येते. त्या कष्टांना चित्रपटात जागा नाही, म्हणूनच त्यातले प्रेम इतके स्वच्छ दिसते.

आपल्या हिंदी चित्रपटानेही हीच वाट धरली. संजय लीला भन्साळी यांचा ‘गुजारिश’ (२०१०) गोव्यात घडतो. इथन मॅस्करेन्हास हा जादूगार चौदा वर्षे अंथरुणास खिळलेला. सोफिया बारा वर्षे त्याची सेवा करते. तो न्यायालयाकडे मरणाची परवानगी मागतो, ती नाकारली जाते, तेव्हा सोफियाच त्याला साथ द्यावयास तयार होते. दोन्ही चित्रपटांत सेवा करणारीच्या प्रेमाची कसोटी एकच : ती त्याला जाऊ देते की नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्याचे दुःख त्यालाच ठाऊक. त्याच्या इच्छेचा मान राखू नये काय? राखावा. असह्य वेदनांनी ग्रासलेल्या माणसाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण इच्छा ही एका दिवसाची असते, एका परिस्थितीची असते. लुइझाचे काम करणारी एमिलिया क्लार्क हिला २०११ साली मेंदूत रक्तस्राव झाला. स्वतःचे नावही आठवेना, तेव्हा मला मरू द्या असे तिने रुग्णालयातील लोकांना सांगितले होते. हे तिनेच २०१९ साली लिहिले. ती बरी झाली, विल बरा होणार नव्हता, हा फरक खराच. पण बरे न होताही जगलेली माणसे आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला ‘अँतुशाब्ल’ (२०११) हा फ्रेंच चित्रपट ज्यांच्या जीवनावर आहे, ते फिलिप पोझो दी बोर्गो १९९३ साली उड्डाणाच्या छत्रीवरून पडून मानेखाली लुळे झाले. पुढे पत्नी गेली. तरी मोरोक्कोत त्यांनी पुन्हा संसार थाटला, पुस्तके लिहिली, इच्छामरणाच्या कायद्याला उघड विरोध केला आणि २०२३ साली, अपघातानंतर तीस वर्षांनी, ते वारले. तीस वर्षांना कोणी अर्धे आयुष्य म्हणावे?

मॉरिशसने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१० साली मान्य केला. सरकारने त्याप्रमाणे वागावे हे मागत राहिलेच पाहिजे. पण सरकारने करण्याजोगे सरकारने, आणि घरच्यांनी करण्याजोगे घरच्यांनी. गणेश चतुर्थीला आपले घर माणसांनी भरते, झाकरी रंगते. त्या वेळी आतल्या खोलीतला माणूस बाहेर आणला जातो काय, की पाहुण्यांनी दारातून डोकावून ‘बिचारा’ म्हणावे एवढ्यावरच भागते? देवळाच्या आणि सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधला आहे काय? एकाच सुनेची पाठ मोडण्याऐवजी भावाभावांनी रात्री वाटून घेतल्या आहेत काय? गार्द-मलाद बाईला वेळच्या वेळी पैसे आणि आठवड्याची सुटी मिळते काय?

चित्रपट मुलींना जरूर पाहू द्या. मात्र संपल्यावर दिवा लावून त्यांच्याशी बोला. सोडून देण्यात प्रेम असू शकते, पण त्याआधी जगणे सुसह्य करण्यासाठी जे जे करता येण्यासारखे होते ते सगळे झाले पाहिजे. ते झाले नसेल तर त्या निरोपाला प्रेम म्हणू नये. ती आपण घेतलेली सुटका असते. आणि अशा सुटकेसाठी कोणी आपल्या बेटाचे नाव घेतले, तर आपण तरी त्याला मान डोलवू नये.