दोष सुनेचा नव्हे

बाळ सहा महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही, पाय उचलत नाही, अंग कापडासारखे लुळे. डोळे मात्र चलाख, हाक मारली की हसते. असे मूल घरात आले की आमच्या अर्नाळ्यात पहिले बोट सुनेकडे जाते. ग्रहणात भाजी चिरली असेल, माहेरचे काही असेल, मागच्या जन्मीचे पाप असेल. मग भगत, अंगारा, उतारा. वस्तीत फिरताना ही भाषा आपल्या घरांतूनही आमच्या कानी पडते. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि लिंबू-मिरची उंबऱ्यावर!

या आजाराला डॉक्टर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, थोडक्यात एसएमए म्हणतात. पाठीच्या मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात, हुकूम पोचत नाही आणि स्नायू वाळतात. आजार तीव्र असेल तर श्वासाचे स्नायूही थकतात. मूळ आहे पाचव्या गुणसूत्रावरच्या एसएमएन-१ या जनुकात. ते १९९५ साली फ्रान्समध्ये जुदित मेल्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. (मोठेपणी होणारा एएलएस हा याच जातीचा, पण वेगळा आजार. तो बहुतेकांना वारशाने येत नाही.)

या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. ऑफिसात मूळ कागद हरवला तरी कार्बन कॉपीवर काम भागते, तसे एक प्रत बिघडलेला माणूस ठणठणीत असतो. पन्नासात साधारण एक जण असा असतो आणि त्याला पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघेही तसे निघाले, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची. ‘दर’ हा शब्द नीट वाचावा. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नाही. मुलगा-मुलगी हा फरकही नाही. आणि बिघडलेली प्रत जशी आईकडून आली, तशी बापाकडूनही आलेली असते. मग सुनेलाच का बोलता?

मामाची मुलगी हक्काची सून, ही आपली जुनी रीत. पण नवरा-बायकोचे आजा-आजी एकच असले, की त्यांच्यातली एकच बिघडलेली प्रत दोन्ही वाटांनी येऊन बाळात भेटू शकते. नात्याबाहेर लग्न केल्याने धोका पूर्ण जात नाही, पण कमी होतो. सोयरीक ठरवताना वडीलधाऱ्यांनी याचा विचार करावा.

औषध आहे का? २०२१ साली मुंबईच्या एका बाळासाठी लोकांनी सुमारे १६ कोटी रुपये गोळा केले, ते एकाच इंजेक्शनसाठी. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका बालिकेलाही ते मिळाले, तरी ती वाचली नाही. तोंडाने घ्यायचे रिसडिप्लाम हे औषधही आहे, पण ते जन्मभर घ्यावे लागते. त्याची बाटली सहा लाखांच्या आसपास होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतीय कंपनीची बाटली १५,९०० रुपयांना आली. तरी वीस किलोवरच्या रुग्णाला वर्षाला तीसेक बाटल्या लागतात, म्हणजे पावणेपाच लाख! हातावर पोट असणाऱ्याने ते कुठून आणायचे? दुर्मिळ आजारांच्या सरकारी धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती ठरलेल्या केंद्रांतूनच मिळते आणि परळचे केईएम रुग्णालय त्यांतले एक आहे.

ज्यांच्या घरात असे मूल आहे किंवा होऊन गेले, त्यांनी पुढच्या गरोदरपणाआधीच रक्त तपासून घ्यावे. दिवस गेले असतील तर अकरा-बारा आठवड्यांना वारेचा बारीक अंश घेऊन तपासता येते. हे लिंगनिदान नव्हे. अशा आजारासाठीची तपासणी कायद्याला मान्य आहे. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, शेजाऱ्यांचा नाही.

अर्नाळ्याहून बसने विरार, तिथून लोकलने प्रभादेवी, पुढे परळ. मुलाचे जुने रिपोर्ट बरोबर घ्यावेत आणि नवऱ्याने त्या दिवशी खाडा करून सोबत जावे, कारण रक्त दोघांचेही लागते.