डॉल्फिन पाहावयास जाणारांस

नाताळची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली कीं अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ कुटुंबें हल्लीं कोंकणांत उतरतात. मालवणास जावें, होडींतून सिंधुदुर्ग पाहावा आणि सकाळीं तारकर्लीच्या बाजूस डॉल्फिन पाहावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. आम्हां वऱ्हाडच्या लोकांस समुद्र म्हणजे नवलाईची वस्तु. तेव्हां ही हौस आम्ही दोषास्पद मानीत नाहीं. शाळेच्या चार भिंतींत जें प्राणिशास्त्र मुलांच्या गळीं उतरत नाहीं, तें पाण्यावर क्षणभर दिसलेली एक करडी पाठ उतरवून जाते. प्रश्न एवढाच कीं, ज्यास पाहावयास जावें त्याच्याच जिवावर आपली हौस उठत नाहीं ना?

डॉल्फिन हा मासा नव्हे. देवमाशाप्रमाणेंच तो सस्तन प्राणी आहे. त्याचीं पिलें आईच्या दुधावर वाढतात व श्वासासाठीं त्यास वारंवार पाण्यावर यावें लागतें. कोंकणच्या किनाऱ्यास जो विशेषेंकरून आढळतो, त्याच्या पाठीवर आपल्याकडील बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. तो उथळ पाण्यांत, किनाऱ्यालगत राहतो. म्हणजे जेथें जाळीं आणि होड्या, तेथेंच त्याचेंही घर. गढूळ पाण्यांत तो डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक विसंबतो. आवाज काढावा आणि त्याचा पडसाद ऐकून भक्ष्य शोधावें, ही त्याची रीत. अशा प्राण्याभोंवतीं पांच-सहा यंत्रांच्या होड्या घिरट्या घालूं लागल्या, म्हणजे परीक्षेच्या दालनांत कोणीं ताशा वाजवावा तशी त्याची गत होते. त्यांतून बरोबर पिलूं असेल तर आईचे हाल विचारूं नयेत.

मोठे देवमासेही आपल्या किनाऱ्यास अगदींच परके नाहींत. २०१५ सालीं सिंधुदुर्गाच्या समुद्रांत निळा देवमासा व त्याचें पिलूं यांची नोंद संशोधकांनीं केली. त्याच वर्षीं जूनमध्यें रेवदंड्याजवळ एक निळा देवमासा किनाऱ्यास लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतीपुळ्याच्या वाळूंत देवमाशाचें पिलूं अडकलें, तेव्हां गांवकरी व सरकारी माणसें यांनीं त्यास पाण्यांत लोटण्याची पराकाष्ठा केली. परंतु तें वांचलें नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ह्या प्राण्यांस अभय दिलें आहे. १९८७ सालीं मालवणचें सागरी अभयारण्यही जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर. पण तेथील मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. पिढ्यानुपिढ्या रापण ओढणाऱ्या माणसास आपल्याच दारांतील पाण्यावर बंदी येईल अशी धास्ती वाटली, तर तिला अडाणीपणा म्हणणें आम्हांस पसंत नाहीं.

ही गोष्ट वऱ्हाडांत तरी सर्वांस कळावी. मेळघाट १९७४ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. पुढें कोहा, कुंड, बोरी हीं कोरकूंचीं गांवें उठवून अकोट तालुक्यांत बसविण्यांत आलीं. मागाहून आणखीही गांवें हललीं. पुनर्वसनाविषयीं असंतुष्ट होऊन जंगलांत परतलेले कांहीं गांवकरी व सरकारी लोक यांच्यांत जानेवारी २०१९ मध्यें चकमकही झाली. वाघ राखला पाहिजे, ह्याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण त्याचें मोल एकट्या कोरकूनें कां भरावें? मालवणचा गाबीत हाच प्रश्न विचारतो.

कित्येक सज्जन म्हणतात, होड्या सरसकट बंदच कराव्या. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यास जिवंत डॉल्फिनपासून मीठभाकर मिळते, तोच त्याचा राखणदार होतो. मंडणगड तालुक्यांतील वेळास गांव पाहा. तेथें २००२ सालापासून सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या चिपळूणच्या संस्थेनें गांवकऱ्यांस हाताशीं धरून समुद्रकासवांचीं अंडीं राखण्यास आरंभ केला. आतां पिलें समुद्रांत जातांना पाहण्यास येणारे पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात. दूर न्यूझीलंडांत कायकौरा येथील माओरी कुटुंबांनीं तर १९८७ सालीं घरें गहाण टाकून देवमासे दाखविण्याचा धंदा उभारला, व तो नांवारूपास आणला. आपल्या सरकारनेंही डिसेंबर २०१८ पासून, जाळें कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा क्रम ठेविला, हें चांगलें केलें. होड्यांचा परवाना आधीं स्थानिक मच्छीमारास द्यावा, होड्यांची संख्या ठरवावी आणि प्राण्यापासून किती अंतर राखावें ह्याचा नियम कडक पाळावा, असें आमचें मत आहे.

परंतु नियम मोडतो कोण? नावाडी पुष्कळदां अंतर राखून यंत्र मंद करतो. मग होडींतील एखादे गृहस्थ शंभराची नोट पुढें करून म्हणतात, "अहो दादा, आणखी जवळ घ्या, मुलांस नीट दिसत नाहीं." हेच गृहस्थ सेमाडोहच्या रस्त्यावर कोणीं जनावरापुढें जीप घातली तर संतापतात! पालकांस आमची विनंति आहे कीं, ही नोट खिशांतच ठेवावी. मुलांनींही आरडाओरडा करूं नये, पाण्यांत खाऊ टाकूं नये. होडी थांबवून शांत बसलें असतां डॉल्फिन कधीं कधीं आपण होऊनच जवळ येतो. न आला, तरी नावाड्याचें ठरलेलें भाडें घासाघीस न करतां पुरतें द्यावें, आणि मुलांस सिंधुदुर्गाचा तट दाखवून परतावें.