काळोखाशी इमान

2015 साली मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा ‘राणीचा हार’ बिघडला म्हणून केवढा गदारोळ झाला! तोच उद्योग फोनचा ‘नाइट मोड’ रोज करतो: अनेक फ्रेम एकत्र करून सावल्या उजळतो, पिवळा उजेड पांढऱ्याकडे ढकलतो. त्यावर कुणी ब्रही काढत नाही. उलट ‘एडिट न केलेला फोटो’ म्हणून आपण मिरवतो. पण कुणी व्हाइट बॅलन्स पुन्हा पिवळ्याकडे नेला, सावल्या गडद केल्या, की तो मात्र लबाड! का? दिव्यांपलीकडचा समुद्र काळाकुट्ट होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याची साक्ष यंत्रापेक्षा खोटी कशी? रात्रीच्या फोटोत रात्र उरलीच पाहिजे. त्यासाठी एडिटिंग करावे लागत असेल, तर ते बेधडक करावे.