नगरहवेलीचे सात वर्षांचे राज्य

महायुद्धानंतरच्या अस्थिर काळात बलाढ्य शेजाऱ्याच्या आधाराने क्रांतिकारी राज्ये उभी राहतात आणि तो आधार सुटताच कोसळतात. इराणमधील गिलानचे प्रजासत्ताक १९२० साली लाल सेनेच्या पाठबळावर स्थापन झाले व पुढच्याच वर्षी लयास गेले. महाबादच्या कुर्दी प्रजासत्ताकास १९४६ हे एकच वर्ष लाभले. तत्कालीन ठाणे जिल्ह्याला लागूनही असेच एक अल्पायुषी राज्य होऊन गेले, याची आठवण भिवंडीतसुद्धा क्वचितच निघते.

जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांपासून मुक्त केले. सिल्वासाच्या मोहिमेत सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही होते. त्यानंतर ११ ऑगस्ट १९६१ पर्यंत या प्रदेशाचा कारभार पोर्तुगालकडे नव्हता आणि कायद्याने भारताकडेही नव्हता.

हे राज्य दिल्लीचे बाहुले होते काय? आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. दमणहून येणारी वाट भारतीय हद्दीतून जाई. ती भारताने रोखल्यावर पोर्तुगीज कुमक पोहोचणार कशी? विलीनीकरणाच्या करारावर मुक्त प्रदेशाच्या वतीने सही केली ती भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांनी. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले! देशाभिमान बाळगूनही हे मान्य करण्यास हरकत नसावी.

परंतु पोर्तुगालचा दावा तरी कितपत भक्कम होता? १९५५ मध्ये खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा कागद निघाले ते पेशवाईतले. १७७९ च्या पुणे तहाने पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली होती. न्यायालयाच्या मते मराठ्यांनी दिला तो केवळ वसुलाचा हक्क. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांच्या अप्रत्यक्ष मान्यतेने पदरात पडले. एप्रिल १९६० च्या निकालाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य केला, सैन्य व शस्त्रांचा नव्हे. भारताने कर्तव्यभंग केल्याचेही न्यायालयास आढळले नाही.

वसुलाच्या सनदेचे असे राज्य झाले. ज्या वारली, कोकणा, धोडिया कुळांच्या घामातून तो वसूल निघे, त्यांना १७७९ मध्ये कोणी विचारले नाही. १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीचा ठराव झाला, सार्वमत नव्हे. जमीन सुधारणेचा कायदा येण्यास तर १९७१ साल उजाडावे लागले. तोवर मुक्तीला सतरा वर्षे लोटली होती.